आडवा हात

पंगतीत वाढणाऱ्याला माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. कमरेत वाकून पुढे सरकत जायचे आणि डोळे पानावर ठेवायचे, म्हणजे दिसतात ते हात. कल्याणच्या एका सदावर्तात मी मिसरूड फुटल्यापासून वाढतो आहे. आता केस पिकायला लागले. अजूनही बाजारात कोणी थांबवून ओळख दिली की मी आधी त्याच्या बोटांकडे पाहतो, आणि मग म्हणतो, "हां, तुम्ही आमच्याकडे जेवून गेलेले."

या मासिकाचे चालक मध्यंतरी आमच्याकडे आले होते. जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "गणूभट, दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या सदावर्तातल्या गमतीजमती लिहून द्या. चार घटका लोकांची करमणूक होईल." मी हो म्हणालो. गमती पुष्कळ आहेत, त्या सांगतोच. पण त्यांच्याबरोबर एक गोष्ट अशी आहे की ती मी वीस वर्षे कोणाला सांगितली नाही. ती गाळून बाकीचे लिहायला बसलो, तर दोनदा कागद फाडावा लागला. तेव्हा तीही येईल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सदावर्त म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दारी येईल त्याला अन्न, रोज, बारा महिने. काही लोक दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले खात नाहीत. त्यांना कोरडा शिधा द्यायचा, म्हणजे तांदूळ, डाळ, मीठ, आणि चुलीला दोन लाकडे. बाकीच्यांना शिजवलेले पान. आमचे सदावर्त दाजीशेट म्हणून भाताचे एक मोठे व्यापारी होते, त्यांनी रामाच्या देवळामागे घातले. खाडीत त्यांचे मचवे लागत. तरुणपणी एका वादळात भरला मचवा बुडता बुडता वाचला, तेव्हा त्यांनी रामाला शब्द दिला होता. शब्द देणारे पुष्कळ असतात. पण दाजीशेटनी तो देताना हिशेबी माणसासारखा विचार केला होता. ते म्हणत, "रोज घालता येईल तेवढंच घालायचं. पण एक दिवस चुकवायचं नाही."

म्हणून आमच्याकडे भात, वरण, मीठ आणि ताकाची कढी. रामनवमीलाही तेच. त्यांच्या नातवाची मुंज झाली तेव्हा मुंजीचे लाडू त्यांनी घरी वाटले, सदावर्तात एक येऊ दिला नाही. मी विचारले तर म्हणाले, "अरे, आज लाडू खाऊन गेलेला माणूस परवा येईल, तेव्हा त्याला आपला भात कमी वाटेल. आपला भात कोणाला कमी वाटता कामा नये."

त्यांचे आणखी दोन नियम होते. पानात काही टाकायचे नाही, कारण ते रामाचे अन्न. आणि आलेल्याला नाव, गाव, जात, काम काही विचारायचे नाही. यातल्या जातीबद्दल खरे सांगायचे तर, विचारत नसू एवढेच. बसवताना मात्र ती बरोबर ओळखली जाई. ब्राह्मण पडवीत, बाकीचे अंगणात, आणि कुंपणापलीकडे चिंचेखाली आणखी एक पंगत. तिथे भात वाढायचे ओगराळे उंचावरूनच रिकामे व्हायचे. त्यात काही चुकते आहे हे मला दिसायला फार वर्षे गेली, आणि दिसल्यावरही मी पुष्कळ दिवस गप्पच होतो. गप्प राहणे हा माझा स्वभाव आहे. पुढे कळेलच.

आमचे मुख्य आचारी नानाभट. माणूस उंच, वाळका, बोलणे तुटक. एकदा एक बैरागी आला. शिध्यात तूप नाही म्हणून रागावला आणि देवळाच्या पायरीवर आडवा झाला. "हम यहीं प्राण छोड़ेंगे," म्हणाला. लोक जमले. नानाभट हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "सोडा महाराज. पण जरा डावीकडे सरकून सोडा, मधोमध लोकांची जायची वाट आहे." बैराग्याने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले, आणि खरोखर डावीकडे सरकला. दुपारी अंगणात बसून भात-वरण जेवला, पुढे पावसाळाभर राहिला, आणि जाताना नानाभटांच्या पाया पडून गेला.

दुसरे एक गृहस्थ होते. काळा कोट, पायांत बूट. रोज पंगतीच्या वेळी यायचे आणि खांबाशी उभे राहून म्हणायचे, "मी नुसता व्यवस्था पाहायला आलो आहे." पुढे कानावर आले की तारखात्यातली त्यांची नोकरी सुटली होती आणि घरी बायकोला ते कळू दिलेले नव्हते. पानावर बसायची लाज, आणि भर दुपारी घरी जाऊन जेवावे तर बायकोला कळणार. चार दिवस ते असे उभे राहून व्यवस्था पाहत राहिले. पाचव्या दिवशी नानाभटांनी कढीची बादली त्यांच्या हातात दिली. "साहेब, आज एक वाढपी आला नाही. जरा हात लावता?" त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि वाढू लागले. कढी फार सांडली. वाढपी आचाऱ्यांबरोबर शेवटी जेवतात, ती आमची रीत. ते आमच्याबरोबर जेवले. पुढे दीड-दोन महिने ते रोज वाढायला येत. मग नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले. दाजीशेट म्हणाले, "पेढे घरी न्या. तुमच्याकडून आम्हाला कढी वाढून हवी." तेव्हा ते हसले आणि वाढायला उभे राहिले. त्या दिवशीही सांडली.

हे सगळे सांगायला बरे वाटते. आता माझ्या कामाबद्दल.

वाढणे सोपे दिसते. पण त्यात कला आहे, आणि त्या कलेचा मला गर्व होता. आमच्याकडे पदार्थ दोन-तीनच. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला जिलबी मिरवता येते, मठ्ठा मिरवता येतो. आमच्याकडे मिरवायला काही नाही, मग उरतो तो आग्रह. "घ्या हो, एवढा एक." "रामाची शपथ आहे." "अन्नाला नाही म्हणू नये." जेवणारा पोट भरले की पानावर हात आडवा धरतो. तो हात चुकवून वाढणे, यात वाढप्याची करामत. डावीकडून ओगराळे दाखवायचे, त्याचा हात तिकडे गेला की उजवीकडून भात सोडायचा. पंगत हसायची. ज्याच्या पानावर पडला तोही हसायचा आणि जेवायचा, कारण टाकायचे नाही. आमचे साधे जेवण माझ्या आग्रहाने लग्नघरासारखे होते, असे मला वाटे. लोक तसे म्हणतही. दाजीशेटही एकदा म्हणाले, "गणू वाढायला असला की भाताला चव येते." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवीत असे.

मग देशावर दुष्काळ पडला.

इकडे कोकणपट्टीत भात होता. तिकडे काही नव्हते. लोक माळशेज उतरून मुरबाडच्या रस्त्याने कल्याणला येऊ लागले. कोणी आगगाडीच्या रुळांवर खडी फोडायला, कोणी बंदरावर ओझी वाहायला, पण बहुतेक नुसतेच. आमची पंगत दोनदा, मग तीनदा बसू लागली. पुरुषांची आधी, बायकापोरांची नंतर, जशी सगळीकडे असते तशी.

नानाभटांनी पहिल्याच आठवड्यात आम्हा वाढप्यांना बोलावून सांगितले, "घाटावरून जो नुकता उतरलाय त्याला भात द्यायचा नाही. पेज द्यायची. पातळ, मीठ घालून. थोडी थोडी, दिवसातून चारदा. भात दोन-तीन दिवसांनी."

मी म्हणालो, "नानाभट, रामाच्या दारात आलेल्या पाहुण्याला पेज? आजाऱ्यासारखी? लोक म्हणतील शेट आखडले."

"लोकांना मी बघून घेईन. तू सांगितलं तेवढं कर."

त्यांनी कारण सांगितले नाही. ते कधीच सांगत नसत. आणि मी मनात म्हटले, हे म्हातारे धान्य वाचवताहेत.

त्या दिवशी अंगणातल्या पंगतीत एक माणूस बसला होता. त्याची बोटे मला अजून दिसतात. लांब, निमुळती, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला सुताने पडलेला घट्टा. मागावरचा विणकर. त्याला सकाळी पेज मिळायची होती आणि ती द्यायचे काम माझे होते. मी मुद्दाम दिली नव्हती. म्हटले, बिचारा एवढा चालून आला, दुपारी नीट पानावर बसून जेवू दे.

लोकांना वाटते, फार उपाशी माणूस हपापून जेवतो. अर्धा उपाशी तसा जेवतो. हा पहिला घास तोंडात धरून बसून राहिला. मग हळूहळू जेवू लागला. मी दुसऱ्यांदा भात घेऊन आलो तेव्हा त्याने पानावर हात आडवा केला.

"बास, म्हाराज. लई झालं."

दोन मुठी भात जेमतेम खाल्ला असेल. मी म्हणालो, "असं कसं? एवढ्यावर उठलास तर रामाला काय वाटेल?" आणि डावीकडून ओगराळे दाखवले. त्याचा हात डावीकडे गेला. मी उजवीकडून भात सोडला, वर वरण. पंगत हसली. तो हसला नाही. त्याने कुंपणाकडे एकदा पाहिले आणि खाली मान घालून जेवू लागला. मी आणखी दोनदा आलो. दोन्ही वेळा त्याने हात आडवा केला, दोन्ही वेळा मी तो चुकवला. पानात टाकायचे नाही हे त्याला बसतानाच सांगितलेले होते. त्याने पान पुसून घेतले.

तासाभरात तो चिंचेजवळ पोट धरून पडला. वैद्य आले. दिवे लागायच्या सुमारास तो गेला.

नानाभट येऊन त्याच्याजवळ उकिडवे बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळी याला पेज दिली होतीस?"

मी म्हणालो, "दिली होती."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि उठून आत गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्यांना माझे खरे वाटले होते का, हे मला कधी कळले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून पेजेचे पातेले ते स्वतः घेऊन फिरू लागले.

त्या माणसाबरोबर त्याची बायको होती, काशी नावाची, आणि कडेवर एक लहान मुलगी. दुसऱ्या दिवशी काशी माझ्यापुढे आली. मला वाटले, आता हिला सांगावे. ती खाली वाकून माझ्या पायांपाशी डोके टेकून म्हणाली, "भटजी, तुमच्यामुळं माझा मालक पोटभर जेवून गेला. वाटंत मेला असता तर कुत्र्यानं वढला असता. तुमी हसून वाढलंसा, मी कुंपनापासनं बघितलं."

मी ओगराळे उचलले आणि पंगतीकडे वळलो.

दाजीशेटना हे कळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. चार व्यापाऱ्यांत ते सांगू लागले, "भुकेने गेला हो, पण रामाच्या दारात तृप्त होऊन गेला." हे गावभर झाले. भिवंडीहून, ठाण्याहून भाताच्या गाड्या येऊ लागल्या. त्या भातावर त्या वर्षी किती माणसे जगली असतील, त्याचा विचार करून मी पुष्कळदा स्वतःची समजूत घातली आहे. ती घटकाभर पटते.

काशी आमच्याकडेच राहिली. पत्रावळी लावायचे काम तिने घेतले. विणकराच्या घरची बोटे, तिने टाचलेल्या पत्रावळीतून वरणाचा थेंब गळत नाही. मुलगी मोठी झाली, भिवंडीला मागवाल्यांच्या घरात दिली, तिला मुले झाली. काशीला सगळे मावशी म्हणू लागले. आणि गेली वीस वर्षे, नवा कोणी घाबरलेला, बुजलेला माणूस अंगणात येऊन बसला की मावशी पानांचा ढीग मांडीवर घेऊन त्याला सांगते, "लाजू नगं, बाबा. माझा मालक हितंच जेवला, अक्षी पोटभर. या भटजींनी वाढलं." नवऱ्याचे नाव ती घेत नाही, बायका घेत नाहीत. आम्ही विचारले नाही, कारण तो आमचा नियम. ज्याचा मृत्यू मी वीस वर्षे जवळ बाळगून आहे त्याचे नाव मला ठाऊक नाही.

ती गोष्ट सांगू लागली की मी काहीतरी निमित्त काढून कोठीत जात असे. पुढे पुढे सगळ्यांना वाटू लागले की गणूभटांना स्वतःची स्तुती ऐकवत नाही. त्याचेही कौतुक होऊ लागले.

एक बदल माझ्यात झाला होता. हात आडवा झाला की मी थांबतो. शपथ घालत नाही, करामत करत नाही. नवे वाढपी मागून म्हणतात, "भटजींचं वाढणं अगदी कोरडं." म्हणू देत. नानाभटांमागे मुख्य मी झालो, आणि पेजेचे पातेले पहिल्याने चुलीवर चढवायचा नियम केला. पण का, ते मी कोणाला सांगितले नाही. नानाभटांनी मला सांगितले नव्हते, तसेच.

यंदा देशावर पुन्हा पाऊस नाही. गणपती झाल्यापासून मुरबाडच्या रस्त्याने माणसे यायला लागली आहेत. आमच्याकडे सदाशिव म्हणून एक वाढपी आहे, चांगला घरसंसारी, कामाला वाघ, आणि आग्रहाला तर असा की मला माझीच आठवण व्हावी. पितृपक्षात एके दुपारी मी कोठीतून बाहेर आलो तर अंगणात हशा चालला होता. एक माणूस पानावर बसला होता. मनगट एवढे बारीक की कडे घातले असते तर कोपरापर्यंत सरकले असते. त्याने हात आडवा धरला होता. सदाशिव ओगराळे डावी-उजवीकडे नाचवीत होता. आणि शेजारी काशीमावशी पत्रावळ टाचता टाचता म्हणत होती, "वाढा, वाढा. ऐकू नगा त्याचं. माझ्या मालकाला बी असंच वाढलं व्हतं."

मी धावलो. या वयात मी धावतो हे पाहूनच पंगत गप्प झाली. सदाशिवचे मनगट धरले. तोवर बराच भात पानावर पडला होता. तो मी माझ्या हाताने उचलून घेतला.

वाढलेल्या पानावरून अन्न काढून घेणे याहून वाईट काही आमच्या धंद्यात नाही. सदाशिवचा चेहरा पडला. "भटजी, अहो काय करता? वाढलंय मी."

"याला सकाळी पेज दिलीस?"

"नाही. म्हटलं, चालून आलाय, नीट जेवू दे."

अगदी माझेच शब्द.

पडवीतून कोणीतरी म्हणाले, "म्हातारपणी भटजींचा हात आखडायला लागला वाटतं." काशीमावशी उठून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. "उपाशी मानसाच्या पानावरनं भात काढला तुमी? तुमी? माझ्या मालकाला चार चार येळा वाढनारं तुमी?"

मी म्हणालो, "मावशी, त्या चार वेळांनीच तो गेला."

मग सांगितले. तिथेच, अंगणात, सदाशिव आणि तो माणूस ऐकत असताना. पेज द्यायला सांगितली होती आणि मी दिली नाही. त्याने हात आडवा केला आणि मी तो चुकवला. कोरड्या पडलेल्या पोटात एकदम भात गेला आणि त्याने घात केला. नानाभटांना मी खोटे सांगितले. तू माझ्या पाया पडलीस तेव्हा मी पाय मागे घेतला नाही.

ती ऐकत राहिली. मला वाटले होते, रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, "त्यानं हात आडवा केला व्हता?"

"हो."

"तवा बायकांची पंगत बसली व्हती का?"

मला प्रश्न कळला नाही. "नाही. तुम्ही कुंपणापाशी उभ्या होतात. पोरगी कडेवर होती. पुरुषांची पंगत उठल्यावर तुम्ही बसलात."

ती खाली बसली. मांडीवरची पाने तिने बाजूला ठेवली.

"घरी बी असंच करायचा," ती म्हणाली. "दोन घास झालं की हात आडवा. लई झालं, म्हनायचा. उरल्यालं आमच्याकडं सारायचा. भटजी, त्याला वाटलं असंल, तुमी आमच्या वाटचं त्याच्या पानावर घालताय. अन् टाकायचं न्हाई, म्हनून गिळत व्हता."

वीस वर्षे मी त्या हातातला नकार ओळखत होतो. त्याच्यामागे उभी असलेली बाई आणि पोर मला कधी दिसली नव्हती. त्याने कुंपणाकडे एकदा पाहिले होते हे मात्र मला सगळा वेळ आठवत होते.

"आनिक एक हाय," ती म्हणाली. "आमी जेवून त्याच्यापाशी गेलो. पोट धरून पडला व्हता. त्यानं इचारलं, भात उरला व्हता का? मला वाटलं, त्याला आनिक पायजे. मी म्हनलं, लई व्हता, आमी पोट भरून खाल्ला. मग त्यानं डोळं मिटलं. मला वीस वरसं वाटतंय, मानूस अर्धपोटी गेला, मागत व्हता अन् मी आनून दिला न्हाई. म्हनून तर समद्यास्नी सांगत सुटते, पोटभर जेवला, पोटभर जेवला. म्हंजी मला तरी खरं वाटावं."

मग म्हणाली, "मागत नव्हता तर."

"नाही."

"आमी जेवलो का, ते इचारत व्हता."

"हो, मावशी."

तिने पदराने तोंड पुसले. मला माफ केले असे ती म्हणाली नाही, आणि मी ते मागितलेही नाही. जरा वेळाने म्हणाली, "तुमी नुसतं सांगायचं व्हतं त्याला. आत पातेलं भरल्यालं हाय, तुझ्या बायकूचं अन् पोरीचं बाजूला ठिवलंय. येवढं एक सांगायचं व्हतं." मग उठली, आत गेली, आणि त्या बारीक मनगटाच्या माणसासाठी पेजेचा द्रोण घेऊन आली. तो प्यायला. आता तो बंदरावर हलके ओझे उचलण्याइतका झाला आहे. काल येऊन मला म्हणाला, "भटजी, आता तरी भात वाढाल का?" मी वाढला. त्याने हात आडवा केला तिथे थांबलो.

मावशी ती गोष्ट अजून सांगते. मला वाटले होते, सोडून देईल. आता ती हाताबद्दलही सांगते, पेजेबद्दलही सांगते, आणि "या भटजींनी वाढलं" हेही तसेच सांगते. नवी माणसे माझ्याकडे वळून पाहतात. मी आता कोठीत जात नाही.

आमच्याकडे दोन नव्या रीती सुरू झाल्या आहेत. वाढायला सुरुवात करण्याआधी मी पंगतीपुढे उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो, "आत भात भरपूर आहे. तुमच्या माणसांचं पोट भरलेलं आहे. लागेल तेवढंच घ्या." हे मला रोज सांगता येते, कारण दुसरी रीत अशी की बायकापोरांची पंगत आता आधी बसते.

दाजीशेट आता नाहीत. त्यांचे चिरंजीव कधीमधी येतात. परवा ते दारात थबकले. पोरे जेवत होती आणि पुरुष बाहेर थांबले होते. म्हणाले, "भटजी, ही नवी चाल कोणी घातली?"

मी म्हणालो, "आपल्याकडे जेवून गेलेल्या एका माणसाने."

कोण, ते त्यांनी विचारले नाही. आमच्याकडे नाव विचारायची रीत नाही.